नोकरी शोधताना शंभर जणांत तुम्ही उठून कसे दिसलात? अनुभव लिहा

सायली_क: काल भाचीचा बायोडेटा वाचत होते. मेहनती, शिकायची आवड, संघभावना. सगळं खरं, पण तिच्या वर्गातल्या कुणीही हेच लिहिलं असतं. विचारलं, इंटर्नशिपमध्ये नक्की काय केलंस? तर म्हणे, परत आलेल्या मालाची नोंद कोणी ठेवतच नव्हतं, ती मी एक्सेलमध्ये लावून दिली, आता सगळे तीच वापरतात. अगं, मग हे कागदावर कुठाय?

त्यावरून माझी पहिली नोकरी आठवली. त्या कंपनीचं ग्राहकांसाठीचं माहितीपत्रक फार किचकट होतं. मी त्यातलं एक पान सोप्या भाषेत लिहून मुलाखतीला नेलं. समोरच्या बाई पेन घेऊन त्यावर खुणा करायला लागल्या, 'हे का काढलंत? हे वर का घेतलंत?' पदवी-बिदवी राहिली बाजूला. तुमचंही असं काही असेल तर सांगा.

रानवेल: पान नेण्याची कल्पना झकास! बाळ उठलंय, नंतर लिहिते.

जुनाजाणता: मी भरतीच्या कामात आहे, म्हणून कळकळीने सांगतो. दोन रकान्यांची सजावट, चित्रात टाकलेला मजकूर, कौशल्यांपुढचे तारे, हे अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला बरेचदा धड वाचता येत नाही. फोन नंबर हेडरमध्ये टाकला तर कधीकधी गळूनच जातो. यंत्रच सगळ्यांना बाद करतं, असं मात्र सरसकट नसतं. आम्ही शब्द टाकून शोधतो. जाहिरातीत 'पेरोल' (पगाराचा हिशोब) असेल आणि तुम्ही ते काम केलं असेल, तर 'पेरोल' असंच लिहा.

मंदार७: +१. आणि पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवायचा सल्ला फिरतोय, तो ऐकू नका. मजकूर वेगळा काढला की सगळं उघडं पडतं, मग खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

इतिहासवेडा: जरा अवांतर. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने इटलीतल्या मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागायला पत्र लिहिलं. त्यात आधी काय? उचलून नेता येतील असे हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं. चित्रकला पार शेवटी! समोरच्याला युद्धाची चिंता होती ना. वर हेही, की अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत करून दाखवतो. सायलीताई, तुमचं ते पान याच जातीचं.

सायली_क: अरे वा, हे माहीतच नव्हतं!

निशिगंध: मला नोकरी मिळाली ती जुन्या ऑफिसातल्या, फारसं बोलणंही नसलेल्या एका सहकाऱ्यामुळे. जवळच्या मैत्रिणींना तेवढंच ठाऊक असतं जेवढं आपल्याला. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना खबर देणारा माणूस कधीमधीच भेटणारा होता. तेव्हा संकोच सोडा, विचारा. 'नोकरी द्या' असं नको, 'तुमच्याकडे या कामात रोज काय करावं लागतं?' असं. त्यावर लोक भरभरून बोलतात.

एकटी_पाखरू: सगळं वाचतेय. सासूबाईंच्या आजारपणात काम सोडलं, आता कुठूनच उत्तर येत नाही. 'नाही' म्हणाले तरी चालेल, पण काहीतरी कळवा ना.

रानवेल: आले परत. अगं, खूप वाईट वाटलं. तू कमी पडतेस म्हणून नव्हे हं, मोठमोठ्या ठिकाणी आलेले अर्ज उघडलेही जात नाहीत कधीकधी.

निशिगंध: कोणतं काम करत होतीस? अकाउंट्स असेल तर मी विचारते आमच्याकडे.

एकटी_पाखरू: हो, अकाउंट्सच! पण मधल्या काळाबद्दल विचारलं तर?

जुनाजाणता: एका वाक्यात सांगा, घरी आजारपण होतं, आता मोकळी आहे. लगेच कामाकडे वळा. शेवटच्या नोकरीत वर्षअखेरचा ताळेबंद कोण जुळवायचं?

एकटी_पाखरू: मीच. फरक सापडेपर्यंत उठायचे नाही.

जुनाजाणता: मग पहिली ओळ हीच.

निशिगंध: पाठव मला, व्यनि (खासगी निरोप) केलाय.