बोटीवर चार भाषा बोलतात, तर सिनेमाने एकच का बोलावी?

खाडीकाठ

आम्ही रत्नागिरीतले काही जण मिळून एक छोटा चित्रपट स्टुडिओ उभा करतोय. पहिली गोष्ट मच्छीमारी बोटीवरची आहे. संहिता तयार आहे, पैसे घालायला एक निर्माताही तयार आहे. त्याची अट एकच: संवाद सरळ प्रमाण मराठीत लिहा, मग हिंदी, तेलुगू, मल्याळममध्ये डब करू. आम्हाला हे मान्य नाही. का, ते सांगतो. जाणकारांनी मोकळेपणाने बोलावं.

आमच्याकडच्या ट्रॉलरवर कोण असतं ते बघा. आमच्या गोष्टीतला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, कोकणी मुसलमान, तो आपल्या बोलीत बोलतो. खलाशी नेपाळचे, त्यांचं आपापसात नेपाळी. दोघांच्या मधली भाषा हिंदी, पण ती बंदरावर घडलेली, सिनेमातली नव्हे. मासळी जेट्टीवर उतरली की लिलाव मराठीत. कर्नाटकातली बोट जवळ आली तर वायरलेसवर कन्नड, तुळू. गोष्टीचा गाभाच हा आहे. नव्या नेपाळी पोराला तांडेलाचं बोलणं अर्धंच कळतं, आणि एका रात्री जाळं ओढताना तेवढ्यामुळे त्याचा हात दोरात सापडतो. सगळ्यांच्या तोंडी एकच मराठी घातली, तर तो अपघात घडणारच नाही. मग उरलं काय?

आणि हे आधी झालेलं आहे. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये मल्याळम, हिंदी आणि मराठी आपापल्या जागी आहेत. छाया कदम यांची पार्वती मुंबईतलं घर बिल्डरमुळे सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. त्या चित्रपटाला 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. ‘कोर्ट’मध्येही (2014) वकील घरी गुजराती बोलतो, कोर्टात मराठी-हिंदी-इंग्रजी चालते. तो डब करून एकाच भाषेचा केला असता तर त्या न्यायालयातला माणसांमाणसांतला दुरावा दिसलाच नसता.

पडद्यामागचा

मी वितरणाच्या बाजूला काम केलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. दिलेली दोन्ही उदाहरणं उत्तम, पण दोन्हींचा पैसा कुठून आला ते बघा. पहिल्यामागे फ्रान्ससह युरोपातल्या देशांची सहनिर्मिती. दुसऱ्यात वकिलाची भूमिका करणारे विवेक गोम्बर स्वतःच निर्माते. तुमच्याकडे युरोप नाही आणि पदरचे पैसेही नाहीत, म्हणून तर तुम्ही निर्मात्याकडे गेलात.

अनेक भाषांत सिनेमा काढणं ही काही कालची टूम नाही. प्रभात फिल्म कंपनीने 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदीत वेगवेगळा काढला. ‘कुंकू’ 1937 साली हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. त्यामुळे संस्था टिकली आणि आपल्याला हवे ते विषय घेऊ शकली. ‘कांतारा’ तर तुमच्याच किनाऱ्याच्या खालच्या अंगाचा. भूतकोला हा तिथला दैवतांचा नृत्यविधी, तिथल्या माणसांची बोली, सगळं मातीतलं. कन्नडमध्ये 30 सप्टेंबर 2022 ला लागला आणि 14 ऑक्टोबरला हिंदीत डब होऊन देशभर गेला. कोणाच्या अस्मितेला धक्का लागला? पहिल्याच चित्रपटात बुडालेल्या संस्थेच्या स्वातंत्र्याचा कोणाला उपयोग नाही.

वेंगुर्ल्याची

पडद्यामागचा, प्रभातचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तिथे मराठी प्रेक्षकाला मराठी चित्र आणि हिंदी प्रेक्षकाला हिंदी चित्र. म्हणजे एका वेळी एकच भाषा. खाडीकाठ यांचा प्रश्न एकाच दृश्यात चार भाषा असण्याचा आहे.

मला दुसरंच सांगायचंय. मालवणी पडद्यावर आली की ती हसवायलाच येते, हे आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. ‘वस्त्रहरण’ आणि मच्छिंद्र कांबळी यांच्यावर माझा जीव आहे, त्यांच्यामुळे आमची भाषा मुंबईच्या रंगमंचावर ताठ मानेने उभी राहिली. पण पुढच्यांनी त्यातलं फक्त हसू उचललं. नोकर, दारुडा, भांडखोर म्हातारी मालवणी बोलणार आणि नायक-नायिका पुण्याचं मराठी. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये आली तेव्हा घराघरांत भीतीच्या प्रसंगात मालवणी ऐकली गेली. ती सोपी करून घेतलेली होती, म्हणून विदर्भातल्या माझ्या जावेलाही ती कळत होती. आमची मालवणी फकस्त हसवूक नाय, रडवूकय येता. प्रमाण मराठीत लिहून मग ‘चव’ म्हणून चार शब्द शिंपडणार असाल तर बोटीवरचा चित्रपट काढूच नका.

मूळचा गुहागरचा

इथे कोणी मराठीच्या बाजूने बोलणार आहे का? मराठी चित्रपटाला महाराष्ट्रात चांगल्या वेळेचे खेळ मिळत नाहीत, त्यासाठी 2015 मध्ये सरकारला मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगावं लागलं. आणि आपण रत्नागिरीत बसून मराठी कमी कशी करता येईल ते ठरवतोय. राज्याचं अनुदान मराठी चित्रपटाला मिळतं. निम्मे संवाद नेपाळी आणि हिंदी असलेल्या चित्रपटाला मराठी म्हणा, असं तुम्ही परीक्षकांना कोणत्या तोंडाने सांगणार? उद्या मालवणीला कोणी कोकणीच्या रकान्यात टाकलं, तर त्या वादात चित्रपट बाजूला राहील.

‘किल्ला’ कोकणातच चित्रित झाला, साध्या मराठीत, आणि 2014 मध्ये बर्लिनहून क्रिस्टल बेअर घेऊन आला. पाऊस, समुद्र, त्या मुलाचं एकटेपण, सगळं पोचलं. भाषेची जत्रा भरवावी लागली नाही.

साउंडवाला

मी लोकेशन साउंड करतो. वाद चालू द्या, पण कामाच्या बाजूने काही गोष्टी लक्षात घ्या, कारण निर्णय तिथेच होतो.

संवाद जागेवर ध्वनिमुद्रित केले, तर माणसाच्या आवाजाखाली लाट, इंजिन, दोरीची करकर, सगळं एकाच ट्रॅकवर येतं. उद्या डब करायचं म्हणून संवाद काढलात की ते सगळं त्याच्याबरोबर जातं. मग पावलांपासून पाण्यापर्यंत प्रत्येक आवाज फोलीत पुन्हा बनवावा लागतो. संवाद सोडून बाकी सगळ्या आवाजांच्या अशा ट्रॅकला संगीत-इफेक्ट्सचा ट्रॅक म्हणतात, आणि तो नीट बनवायला खर्च येतो. छोट्या चित्रपटात तिथेच काटकसर होते, म्हणून डब झालेला किनारा बंद खोलीतल्यासारखा ऐकू येतो.

उलट बाजूही सांगतो. चालू डिझेल इंजिनाशेजारी संवाद टिपणं फार अवघड. लेपल माइक लावले तरी अंगावरचा रेनकोट सळसळतो, वर वारा. इंजिन बंद करून शॉट घ्यायचा आणि इंजिनाचा आवाज वेगळा टिपून नंतर खाली घालायचा, हाच खात्रीचा मार्ग. पण इंजिन बंद असताना माणूस ओरडत नाही. कलाकाराला इंजिन चालू असल्यासारखं ओरडायला लावावं लागतं, आणि खरे खलाशी घेतलेत तर त्यांना ते शिकवायला वेळ लागतो. खाडीकाठ, अपघाताचं दृश्य तर सगळं ओरडण्यावरच उभं आहे. तुमच्या वेळापत्रकात हे धरलंय का?

बंदरकर

आमची बोट आहे, म्हणून लिहितोय. तुम्ही सगळे भाषेवर बोलताय, बोट कधी मिळणार ते कोणी विचारलं नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. तेव्हा बोटी मोकळ्या असतात, सिनेमावाले तेव्हाच मागायला येतात. पण बंदीत बोट किनाऱ्यावर ओढून झाकलेली असते, तिची डागडुजी चालते, आणि खलाशी नेपाळला आपल्या घरी गेलेले असतात. ते परत येतात मोसम सुरू होताना. त्यामुळे होतं काय, तर मुंबईहून नेपाळी दिसतील अशी पोरं आणतात आणि त्यांना हिंदी बोलायला लावतात.

मोसमात बोट द्यायची म्हणजे माझा दिवस जातो. डिझेल, बर्फ, रेशन भरून बोट उभी ठेवायची आणि खलाशांचा वाटा तर द्यावाच लागतो. तरी मी देईन, जर ती माणसं जशी बोलतात तशी दिसणार असतील. माझ्या बोटीवरच्या एका पोराने मोबाइलवर ढीगभर सिनेमे बघितलेत, पण नेपाळी खलाशी त्याला एकातही दिसला नाही. आंब्याच्या बागेतला राखण्या गुरखा तेवढा दिसतो, तोही एका वाक्यापुरता. ही माणसं नसतील तर रत्नागिरीच्या कितीतरी बोटी बंदरातच उभ्या राहतील. त्यांच्या तोंडची भाषा काढून घ्यायची असेल तर माझी बोट मिळणार नाही.

खाडीकाठ

बंदरकर, मनापासून आभार. बोट मोसमातच हवी, हे आता पक्कं. पहिल्या पंधरवड्यात खलाशी नवे असतात, तेव्हाच चित्रण ठेवू.

गुहागरकरांना उत्तर देणं गरजेचं आहे. ‘किल्ला’ मलाही फार आवडतो. त्यातला मुलगा बदलीवर आलेल्या आईबरोबर आलेला, बाहेरचा, त्याची भाषा तीच असणार. चित्रपट खरा आहे तो त्यामुळेच. मीही तेच मागतोय, ज्याची जी भाषा ती त्याला. अनुदानाचा धोका खरा आहे, पण त्यासाठी मी मराठीचा टक्का मोजून संवाद लिहिणार नाही. मराठी इतकी दुबळी नाही की शेजारी नेपाळी उभी राहिली तर कोलमडेल. लिलावाचं दृश्य मराठीत आहे आणि माझ्या मते संहितेतलं सगळ्यात जोरकस दृश्य तेच.

साउंडवाले दादा, अपघाताचं दृश्य इंजिन बंद ठेवून करू, आणि तालमी बोटीवरच घेऊ. आधी इंजिन चालू ठेवून, म्हणजे आवाज किती चढतो ते त्यांच्या अंगात भिनेल.

पडद्यामागचा

बंदरकरांचं म्हणणं पटलं, तरी माझं मत कायम आहे. तुम्ही चार भाषांत चित्रण करा, पण संगीत-इफेक्ट्सचा ट्रॅक पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरा आणि हिंदी डबचे हक्क विकायची तयारी ठेवा. मूळ आवृत्ती उपशीर्षकांसह महोत्सवांत आणि मोजक्या पडद्यांवर, डब आवृत्ती दूरचित्रवाणीला. नाहीतर बंदरकरांच्या बोटीवरचा तो पोरगाही तुमचा चित्रपट बघू शकणार नाही, कारण त्याच्या मोबाइलपर्यंत तो पोचणारच नाही.

वेंगुर्ल्याची

त्या पोराला स्वतःची भाषा हिंदीत डब करून ऐकवणार? टीव्हीलाही मूळ आवृत्तीच द्या, खाली उपशीर्षकं घाला. ‘रात्रीस खेळ चाले’ लोकांनी बघितली ना.

खाडीकाठ

हिंदी डबचे हक्क विकायचे की नाही, यावर आमच्यातच दोन तट आहेत. माझं मत विकू नये असं आहे. निर्मात्याला मात्र आज कळवलं, संवाद बदलणार नाही. तो थांबला तर पैसे दुसरीकडे शोधू, गोव्याच्या फिल्म बाजारात संहिता घेऊन जाऊ. नेपाळी संवाद तपासून देणारं कोणी ओळखीचं असेल तर इथे कळवा, बोटीवर काम केलेलं असेल तर फारच बरं.