जुलैतला करूळ घाट आणि चालकाविना गाडी : भरवसा कशाला म्हणायचे?

घाटवाट : चालकाविना चालणाऱ्या गाडीला किती दिसते, याचीच चर्चा सगळीकडे होते; पण माझ्या मते, आता आपल्याला नीट दिसत नाही हे जिला वेळेवर कळते तीच गाडी भरवशाची. पावसाळ्यात कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाताना पुढच्या ट्रकच्या चाकांतून जो तांबड्या चिखलाचा फवारा उडतो, तो पावसापेक्षाही वाईट. कॅमेऱ्याची काच त्याने माखते. लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडारचे किरण त्या तुषारांवरूनच परततात आणि मोकळ्या रस्त्यावर काही आडवे आल्याचा भास गाडीला होतो. रडारची लहर सुमारे ४ मिलिमीटर लांबीची असल्याने धुके तिला फारसे अडवत नाही, परंतु बंद पडलेला ट्रक आणि त्याला लागून असलेला लोखंडी कठडा तिला सहज वेगळे ओळखता येत नाहीत. गाडी आपोआप चालवणाऱ्या मर्सिडीजच्या ज्या प्रणालीला जर्मनीने डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली, तिच्यासाठी चाकाच्या कमानीत रस्त्याचा ओलावा ओळखणारा सेन्सर असतो आणि हवामान बिघडले की ती चालकाला ताबा घ्यायला सांगते. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

बावडेकर : गाडीत चालकच नसेल, तर ताबा घेणार कोण? मग उरते थांबणे, आणि गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटात धुके उतरले असताना वळणावर थांबलेली गाडी मागून येणाऱ्या एसटीला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. कडेला घ्यायची कुठे? वेमो या अमेरिकी कंपनीने २०२० मध्ये चालकाविना टॅक्सी सर्वांसाठी खुली केली, तीही अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या वाळवंटी हवेत.

पंचगंगाकाठ : बावडेकर, म्हणूनच थांबण्याचा निर्णय घाटाच्या अलीकडे व्हायला हवा. पुराचेच पाहा. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेला, हे लायडारला कळत नाही आणि रडारलाही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्यामुळे बंद होता; तेथे कितीही महागडा सेन्सर असून उपयोग झाला नसता. उलट पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी पावसाळ्यात प्रशासन सतत जाहीर करते, आणि ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गाडीने निघण्याआधी तेवढे पाहिले, तरी पुराच्या पाण्यासमोर जाऊन उभे राहण्याची वेळ येणार नाही.

बावडेकर : नदी तासातासाने चढते, त्यामुळे तिचा अंदाज बांधता येतो. धुक्याचे तसे नाही. घाटमाथ्यावर स्वच्छ असलेली हवा दोन वळणे उतरेपर्यंत पालटते आणि नेमकी तिथेच मोबाइलची रेंज जाते. अशा वेळी आपले जाणते चालक थांबत नाहीत. पायी चालल्याच्या वेगाने, हॉर्न देत, कठड्याचा अंदाज घेत उतरतात. यंत्राला हे जमत नसेल, तर त्याने घाटात येऊच नये.

घाटवाट : वेग उतरवण्याला माझी हरकत नाही. अट एकच : जितके अंतर खात्रीने दिसते त्याच्या आत थांबता येईल इतकाच वेग, मग तो ताशी १० किलोमीटर का असेना. आणि ताशी किती मिलिमीटर पावसात, किती मीटर दृश्यमानतेत चाचणी घेतली, हे कंपन्यांनी जाहीर केल्याशिवाय परवाना देऊ नये.

बावडेकर : आकडे जाहीर करण्याला पाठिंबा. मात्र ती चाचणी कृत्रिम फवाऱ्याखाली नको. करूळला किंवा आंबा घाटात, जुलैत, मागेपुढे नेहमीची वाहतूक असताना घ्यावी.