विषय: कन्झर्व्हेटरीच्या छताला पडदे आतून की बाहेरून?

प्रेषक: वाचनगट संयोजक

सर्वांना सप्रेम नमस्कार.

पडदेवाल्याला शुक्रवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असल्यामुळे घाईने लिहीत आहे. वाचनगट पुन्हा आमच्या कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घराला जोडलेल्या काचेच्या खोलीत भरवायचा असेल, तर गेल्या उन्हाळ्यात सर्वांना उकाड्याचा जो त्रास झाला तो पुन्हा होऊन चालणार नाही. छत साध्या दुहेरी काचेचे असून खोलीचे तोंड दक्षिणेला आहे. पडदेवाल्याने आतून लावायचे, पाठीमागून चंदेरी मुलामा असलेले घडीचे पडदे सुचवले आहेत आणि तेच हिवाळ्यात ऊबही धरून ठेवतील असे त्याचे म्हणणे आहे. हॉल समितीच्या काकांचा बाहेरच्या सावलीचा आग्रह मला माहीत आहे. परंतु उतरत्या काचेच्या छतावर बाहेरून काही बसवणे कितपत जमेल, याची शंका वाटते. ज्यांनी स्वतः वापरून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रेषक: हॉल समिती, माजी कार्यवाह

ताई, हा विषय हॉलच्या काचेच्या पडवीच्या वेळी समितीने सविस्तर तपासला होता, म्हणून उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो. काचेतून ऊन आत येते, पडद्यावर पडते, पडदा तापतो आणि तापलेला पडदा जी उष्णता बाहेर टाकतो ती काच सहजासहजी परत जाऊ देत नाही. चंदेरी पाठ काही ऊन आल्या वाटेने परत पाठवते हे खरे, पण उरलेले घरातच मुक्कामाला राहते. तुमचे छत १२ चौरस मीटर धरले आणि निरभ्र उन्हाळी दुपारी त्यावर दर चौरस मीटरला ८०० वॉट ऊन पडते असे मानले, तर साधी दुहेरी काच त्यातले सुमारे ७० टक्के आत सोडते. म्हणजे केवळ छतातून साडेसहा किलोवॉटहून अधिक उष्णता खोलीत येते. भर उन्हाळ्यात दोन किलोवॉटचे तीन हीटर एकदम चालू ठेवल्यासारखेच हे आहे. ती काचेच्या बाहेरच अडवली पाहिजे.

सावलीने हिवाळ्यातले ऊन जाईल ही भीतीही बाळगू नये. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि मुख्यतः छत तापवतो. हिवाळ्यात तो खाली उतरतो आणि दक्षिणेच्या उभ्या काचांमधून आत येतो. छत झाकले तरी त्या काचा मोकळ्याच राहतात.

प्रेषक: खजिनदार

माजी कार्यवाहांच्या हिशेबाबद्दल आदर आहे, पण वाऱ्याचा विचार त्यात दिसत नाही. आमच्याकडे बाहेरून ताणलेले कापड होते. सोसाट्याच्या वाऱ्यात त्याचे आकडे उपटले गेले आणि एक चौकट वाकली. बाहेरची सावली गुंडाळता येणारी आणि वारा वाढताच आवरता येणारी नसेल, तर ती लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटी आम्ही छताच्या काचा बदलून ऊन परतवणाऱ्या लेपाच्या काचा बसवल्या. तशा काचा साधारण ३० ते ४० टक्केच उष्णता आत सोडतात आणि शिडी चढण्याची कटकट उरत नाही.

काही सभासद काच काढून भरीव छत घालण्याचा सल्ला देतात. त्यांनी दोन गोष्टी आधी पाहाव्यात: मूळ चौकट व पाया त्या वजनासाठी बांधलेले आहेत का, आणि लगतची खोली अंधारी होणार नाही ना. आमच्या शेजाऱ्यांच्या बैठकीत आता भरदुपारी दिवा लावावा लागतो.

प्रेषक: बालविभाग, सहसंयोजक

खजिनदारांच्या घरची खोली उन्हाळ्यात सुखद असते याला मी साक्षी आहे. मात्र कुणीच हिवाळ्याबद्दल लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या सासूबाईंना सकाळी तिथे बसायला आवडते, म्हणून आम्ही सिलिंडरचा फिरता हीटर ठेवला होता. खोली तापायची, पण छतावरून पाणी ठिबकायचे आणि वेताच्या खुर्च्यांना बुरशी धरायची. छताला गळती आहे असे समजून आम्ही सांधे भरून घेतले, तरी ठिबकणे थांबले नाही. आतून पडदे लावल्यास हे कमी होईल का?

प्रेषक: हॉल समिती, माजी कार्यवाह

वहिनी, ती गळती नव्हे. सिलिंडरमधला एक किलो प्रोपेन वायू जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरते आणि हिवाळ्यातली काच अनेकदा त्याहून गार असते. आतला पडदा ओढला की काचेपर्यंत खोलीची ऊब आणखी कमी पोहोचते, बाष्प मात्र कडेने शिरते. त्यामुळे पडद्यामागे पाणी वाढण्याचाच संभव अधिक. कृपया तो हीटर बंदिस्त खोलीत वापरू नका. कार्बन मोनॉक्साइडचा धोका पाण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. सासूबाई एकाच जागी बसत असतील, तर विजेचा उत्सर्जक हीटर खुर्चीसमोर लावावा. तो हवा तापवत बसत नाही, माणसाला ऊब देतो. कपडे तिथे वाळत घालू नयेत आणि काचांच्या वरच्या बारीक हवाझडपा थंडीतही पूर्ण बंद करू नयेत.

खजिनदारांना एकच सांगणे आहे. नव्या काचा घेताना ऊन परतवण्याच्या आकड्याबरोबर ऊब धरण्याचा आकडाही विचारावा. साध्या दुहेरी काचेतून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला सुमारे २.८ वॉट निसटतात. लेप आणि मधल्या फटीत आर्गॉन वायू असलेल्या चांगल्या दुहेरी काचेतून १.२ च्या आसपास. छत आणि भिंती मिळून ३० चौरस मीटर काच व २० अंशांचा फरक धरल्यास हे १,६८० विरुद्ध ७२० वॉट होतात. एवढा फरक नुसता पडदा सहसा भरून काढू शकत नाही.

प्रेषक: खजिनदार

आमच्या काचांवर दोन्ही आकडे लिहिलेले आहेत आणि दोन्ही समाधानकारक आहेत. हॉलच्या पडवीचे काम मात्र अजून अपुरे आहे, तेही समितीने मनावर घ्यावे.

प्रेषक: वाचनगट संयोजक

सर्वांचे मनापासून आभार. काचा बदलणे यंदा शक्य नाही. गुंडाळता येणारी बाहेरची सावली चालेल. परंतु छताच्या कण्याजवळची झडप कित्येक वर्षे उघडलेलीच नाही. ती दुरुस्त करण्याने काही साधेल का?

प्रेषक: हॉल समिती, माजी कार्यवाह

ताई, आधी तेच करून घ्या. गरम हवा वर चढते. तिला वरून वाट आणि गार हवेला खालून वाट मिळाली, तर वारा नसतानाही हवा आपोआप वाहू लागते. खोली तापायच्या आत, सकाळीच, वरची झडप आणि सावलीकडची खालची खिडकी उघडावी. अर्थात बाहेरच्या हवेपेक्षा खोली थंड करणे झडपेला साधणार नाही, म्हणून सावली हवीच, आणि बसणाऱ्यांसाठी छताचा पंखा असल्यास उत्तम. सावलीवाल्याला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: भार काचेवर येतो की चौकटीवर, आणि सावली पसरलेली असताना झडप पूर्ण उघडते का. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले, तर दुसरी रचना मागावी.

प्रेषक: वाचनगट संयोजक

पडदेवाल्याला नकार कळवला आहे. झडपेचे काम करणारा कारागीर कुणाच्या परिचयाचा असल्यास मला स्वतंत्रपणे कळवावे. जून महिन्याची बैठक तोपर्यंत आतल्या खोलीत होईल.