मदत हवी आहे: रोजच्या वापराला जुनी फियाट 1100 की नवी छोटी हॅचबॅक?

नमस्कार मंडळी,

काकांची डुक्कर फियाट आता माझ्याकडे येतेय. 1953 साली आलेली 1100-103, पुढची दारं उलटी उघडणारी. चालू स्थितीत आहे, पत्राही धड आहे. पण जागा एकाच गाडीपुरती, त्यामुळे हीच रोज वापरायची की नवी छोटी हॅचबॅक घ्यायची, हे ठरवायचंय.

इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडर, 36 अश्वशक्ती. आजची 1000 सीसीची तीन सिलिंडर गाडी सहज 65 च्या आसपास देते. वेगाचं मला फारसं अप्रूप नाही. दोन्ही गाड्या लागोपाठ चालवून बघितल्या तेव्हा फियाटच जास्त आवडली. तिचे काचांमधले, छत पेलणारे खांब इतके बारीक आहेत की वळताना अख्खा रस्ता दिसतो. हॅचबॅकच्या जाड खांबाआड रस्ता ओलांडणारा माणूस क्षणभर दिसेनासाच झाला. तिकोनी काच जरा तिरकी केली की वारा थेट अंगावर येतो. स्टिअरिंगजवळचा हँड गिअरही हाताला लगेच बसला.

घोर आहे तो ब्रेकचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवून देणारा बूस्टर नाही आणि ब्रेकच्या तेलाची लाइन एकच. कुठे पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. नव्या गाडीत दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं, शिवाय जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस. घाट उतरताना ड्रम तापले की ब्रेक नीट लागेनासे होतात, ते जुन्या गाड्या चालवलेल्यांना सांगायला नको. 1966 च्या 1100 आरला कंपनीनेच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले होते. ते या गाडीला बसतात का? की ड्रम तसेच ठेवून फक्त दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा भाग) आणि बूस्टर लावणं शहाणपणाचं?

दुसरं, सीट बेल्ट. मूळ गाडीत नाहीतच. खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्याला मधल्या खांबावर अँकर लागणार, आणि इथे पुढच्या-मागच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या त्याच खांबावर. आतून जाड प्लेट वेल्ड करून घेतलेलं कुणी आहे का? मागे लहान मुलगी बसणार आहे, त्यामुळे याबाबतीत तडजोड नको. एअरबॅग नाहीत आणि धक्का शोषणारा पुढचा भागही नाही, हे धरूनच चाललोय.

पेट्रोलचंही विचारायचंय. इथेनॉलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, ते बदलेन. पण इथेनॉलमुळे मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, तर इंजेक्शनवाली गाडी सेन्सरवरून आपलं आपण सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. मोठा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) टाकून भागतं का?

रोज फियाट चालवणाऱ्यांनी जरूर लिहा. ‘नको, नवीच घे’ असं मत असेल तर तेही कारणासकट सांगा. ड्रमची मापं किंवा खांबाचे फोटो लागले तर टाकतो.