शब्दचर्चा: 'बुलपप'ला 'आखूड बंदूक' म्हणावं का?

कोरा_कागद
एका दिवाळी अंकासाठी वस्तूंच्या घडणीवरचा लेख मराठीत आणते आहे. खुर्च्या, कॅमेरे, शिलाई मशीन असं करत लेख ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑग या बंदुकीवर येतो. ती 'बुलपप' घडणीची आहे. म्हणजे चाप पुढे, आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) व गोळी उडवणारी सगळी यंत्रणा चापाच्या मागे, खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या पोटात. मी 'बुलपप' तसाच ठेवला होता. संपादकांनी तो खोडून सगळीकडे 'आखूड बंदूक' केलं. चित्रात आखूड दिसते, वाचकाला लगेच कळेल, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटत नाही, कारण ती फक्त दिसायला आखूड आहे. ऑगची एकूण लांबी ७९० मिमी, त्यात नळी ५०८ मिमी. अमेरिकी एम-१६ए२ ची नळीही ५०८ मिमीच, पण ती बंदूक मीटरभर लांब. नळी तेवढीच ठेवून जवळजवळ वीतभर लांबी वाचवली, ती दस्त्यातली रिकामी जागा कामाला लावून. नळी आखूड झाली की गोळीचा वेग घटतो. तो घटू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप. आणि आपण तिला 'आखूड' म्हटलं तर वाचक नेमकं उलटं समजेल.

शब्द सुचवा. रविवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

देशीकार
संपादकांचा शब्द चुकला असेल, पण हेतू बरोबर आहे. 'बुलपप' म्हणजे बुलडॉगचं पिल्लू. ते मराठी वाचकाच्या डोक्यावर का आदळायचं? शब्द असा हवा की उच्चारला की रचना दिसली पाहिजे. यंत्रणा मागे आहे ना? मग 'पृष्ठभरणी बंदूक' म्हणा. संस्कृत धातूंवर शब्द सहज घडतो, तो घडवायचा आळस आपण करतो.

ठासणीवाला
देशीकार, 'पृष्ठभरणी' चालणार नाही, कारण ती जागा आधीच भरलेली आहे. आमच्याकडे रत्नागिरीत आजही बंदुकीच्या दोनच जाती सांगतात: ठासणीची आणि मागून भरायची. ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. रानडुकरं भाताची नासाडी करतात म्हणून आजोबांकडे परवान्याची होती. आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं. हात किती जोरात मारायचा ते गज उसळून वर येतो त्यावरून कळायचं. मग छरे, परत बोळा, आणि शेवटी घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी. यानंतर काडतुसाची आली, ती मागून भरायची. म्हणजे 'पृष्ठभरणी' ऐकलं की कोकणातला माणूस साधी बाराबोर समजेल. गोळी कुठून भरतात हा वेगळा प्रश्न, आणि ती भरायची जागा चापाच्या पुढे की मागे हा वेगळा.

माजी_जवान
ताई, मी पायदळात २४ वर्षं काढली. शब्दांचं म्हणाल तर पलटणीत 'दस्ता' कुणीच म्हणत नाही. 'बट' म्हणतात. मॅगझिन, बट, बॅरल, कॉकिंग हँडल. खोलजोड शिकवताना उस्ताद हेच बोलतो, आणि पोरगं साताऱ्याचं असो की बेळगावचं, तेच बोलतं.

दुसरं, तुमच्या लेखात 'कार्बाइन' हा शब्द आला असेल तर जपून. आमच्या पिढीला कार्बाइन म्हणजे ९ एमएमची, कानपूरला बनणारी स्टर्लिंग. डाव्या अंगाला आडवं निघालेलं मॅगझिन, घडी होणारा बट, भोकाभोकांचं आवरण. तिच्यात पिस्तुलाची गोळी जाते. इंग्रजी पुस्तकं तिला सबमशीन गन म्हणतील, पण फौजेच्या कागदावर ती कार्बाइनच होती. इंग्रजीत एरवी कार्बाइन म्हणजे रायफलचीच लहान बहीण, गोळी रायफलची. माझा मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही चुकीचं बोलता. मी म्हणतो, ज्या वस्तूला शंभर जण रोज ज्या नावाने हाक मारतात तेच तिचं नाव.

फोंड्याहून
कार्बाइनला परकं का मानायचं? हिंदी-उर्दूत 'कराबीन' आहेच, आपल्या जुन्या लिखाणातही भेटतो. माझं मत असं की तो फारसी-तुर्कीच्या वाटेने उत्तरेत आला असेल, पण किनाऱ्यावर पोर्तुगीज 'काराबीना'नेच आला. काडतूस आलं, पिस्तूल आलं, मग कराबीन एकटी का मागे राहील? लेखात 'कराबीन' लिहा. कानाला गोड आहे आणि ४०० वर्षांचा वास आहे त्याला.

माजी_जवान
गोड आहे खरा, पण कराबीन म्हटलं की मला घोडेस्वार दिसतो. ऑग दिसत नाही.

पाषाणकर
मी पुण्यात पाषाणला राहतो, म्हणून जवळचं उदाहरण देतो. इथल्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने आखलेली जेव्हीपीसी कार्बाइन आहे, ५.५६ × ३० मिमी गोळीची. तीही लहानखुरी. फोटो बघून अनेक जण तिला बुलपप म्हणतात. ती बुलपप नाही. तिचं मॅगझिन मुठीत आहे, चापाच्या मागे दस्त्यात नाही. उलट केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांकडे दिसणारी इस्रायली एक्स-९५ खरी बुलपप: एकूण ५८० मिमी, त्यात नळी ३३० मिमी. दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवखा माणूस एकाच कुळातल्या समजेल. म्हणून नाव दिसण्यावरून ठेवलं की फसगत होते, या ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

दक्षिणवारा
मी ऑस्ट्रेलियात असतो. इथल्या सैन्याने ऑगच घेतली आणि ती परवान्याने लिथगो या गावात बनू लागली. नाव एफ-८८. लिथगोच्या कारखान्याच्या संग्रहालयात मी ती काचेआडून अर्धा तास पाहिली आहे. पहिल्यांदा वाटतं की कुणीतरी अंतराळातलं खेळणं बनवलंय. हिरवं प्लास्टिक, सगळीकडे गोलाई, कुठे स्क्रू दिसत नाही.

पण एकेक भाग बघत गेलं की कळतं, यात नटवणं काहीच नाही. चापाभोवतीची कडी एवढी मोठी की अख्खा पंजा आत जातो, म्हणजे थंडीत जाड हातमोजे घालूनही हात अडत नाही. मॅगझिन अर्धपारदर्शक, कारण आत किती गोळ्या उरल्या ते डोळ्याला दिसावं. वरची दांडी म्हणजे उचलायची मूठ, आणि तिच्यातच दीडपट मोठं दाखवणारी दुर्बीण. एकेक गोळी की सलग मार यासाठी वेगळा खटकाही नाही. चाप अर्धा ओढला की एक गोळी, पूर्ण ओढला की धार. रूप सगळं कामातून आलेलं. इंग्रजी लेखात 'लुक्स' असेल तिथे कृपा करून 'सौंदर्य' लिहू नका. आपल्याकडे 'ठेवण' आहे. माणसाच्या चेहऱ्याची ठेवण म्हणतो ना, हाडांवरून आलेली, तसं.

कोरा_कागद
'ठेवण' घेतला! मी 'बाह्यरूप' लिहिलं होतं आणि ते मलाच टोचत होतं. दक्षिणवारा, मनापासून आभार.

आता मूळ शब्द. 'दस्तागर्भ' कसा वाटतो? दस्त्याच्या पोटात यंत्रणा.

देशीकार
फारसी 'दस्ता' आणि संस्कृत 'गर्भ' यांची सोयरीक मला रुचत नाही.

पोथीपान
अहो, 'दस्ता' आता फारसी कुठे राहिला? दस्त म्हणजे हात, दस्ता म्हणजे हाताने धरायची जागा. तो मराठीत आला आणि कागदाचा झाला: दस्ता म्हणजे २४ कागद. शाळेत 'एक दस्ता आण' म्हटलं की मूल दुकानात धावायचं. बंदुकीचा झाला, कुऱ्हाडीचाही काही ठिकाणी होतो. हिंदीतून हल्ली पोलिसांची तुकडीही 'दस्ता' व्हायला लागली आहे, त्यावर मात्र माझा आक्षेप आहे.

आणि प्राण्याच्या नावाला नाकं मुरडू नका. आपल्या तोफखान्यातच बघा. उंटावरची ती शुतरनाळ, हत्तीवरची ती गजनाळ, जंबुरा तर फारसीतली गांधीलमाशी. बंदुकीचा घोडा हा घोडाच आहे. फ्रेंच सैनिक त्यांच्या फामास या बुलपप रायफलीला 'क्लेराँ' म्हणत, म्हणजे बिगूल, कारण वरच्या लांब दांडीमुळे ती तशी दिसते. बुलडॉगचं पिल्लूही तसंच: बुटकं, रुंद, पुढे कमी आणि अंगात जास्त. दिसण्यावरून पडलेली नावं टिकतात. 'दस्तागर्भ' कोण म्हणणार?

ठासणीवाला
मी म्हणेन 'भुंडी'. शेपूट नसलेल्या जनावराला आम्ही भुंडं म्हणतो. मागचा लांब दस्ता गेलेली बंदूक, भुंडी बंदूक.

पाषाणकर
दस्ता गेलेला नाही, भरलेला आहे. भुंडी म्हणजे नळी कापलेली वाटेल.

माईचा_डबा
मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण 'आखूड'वर एवढा राग का? 'आखूडशिंगी, बहुदुधी' म्हणतो की आपण. शिंगं आखूड आणि दूध भरपूर. ताईंच्या बंदुकीचं वर्णन हेच आहे. आजी गाय घ्यायला बाजारात गेली की शिंगांकडे आधी बघायची आणि म्हणायची, जी जागा भांडणात जाते ती दुधात जायला हवी. या बंदुकीत दस्त्याची जागा तशीच सत्कारणी लागली. 'आखूड' हा दोषच आहे असं मराठी मानत नाही.

कोरा_कागद
माईचा_डबा, हे मला सुचलंच नव्हतं. लेखात ही म्हण नक्की घालते. फक्त ती म्हण ज्या गायीची आहे तशी सर्वगुणसंपन्न ही बंदूक नाही, हेही लेखक सांगतात. चाप पुढे आणि यंत्रणा मागे, मधे लांब दांडी, त्यामुळे चाप ओढताना गोळी नेमकी कधी सुटणार ते बोटाला नीट कळत नाही. मॅगझिन बदलायला हात काखेकडे न्यावा लागतो. आणि रिकामं काडतूस उजवीकडे, थेट गालाजवळ बाहेर पडतं. ब्रिटिशांची एल-८५ तर डाव्या खांद्यावरून झाडताच येत नाही. ऑगमध्ये बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा भाग) बदलून बाजू पालटता येते, पण ते आधी करून ठेवावं लागतं. फ्रान्सने २०१७ पासून फामास सोडून पुन्हा सरळ घडणीची रायफल घ्यायला सुरुवात केली. चीननेही १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये मिरवलेल्या क्यूबीझेड-९५ नंतरची रायफल बुलपप ठेवली नाही. म्हणून शब्दात कौतुकही नको आणि हिणवणंही नको.

वऱ्हाडी_ठेचा
डाव्या खांद्याचं वाचलं आणि राहवलं नाही. मी डेबरा. एनसीसीच्या कॅम्पला .२२ रायफल हातात दिली तेव्हा मी ती आपसूक डाव्या खांद्याला लावली. बोल्ट उजव्या बाजूला. दर गोळीला रायफल खाली घेऊन उजव्या हाताने बोल्ट ओढायचो. उस्तादांनी खांदा बदलायला लावलं, मग नेमच लागेना. शेवटी त्यांनीच परत डाव्या खांद्यावर दिली आणि म्हणाले, "सावकाश मार." पाचपैकी चार लागल्या. तो कागद अजून आहे माझ्याकडे, भोकं पडलेला.

पोथीपान
'डेबरा' म्हणजे डावखुरा का? आमच्याकडे 'डावरा' म्हणतात. डेबरा पहिल्यांदा ऐकतोय.

वऱ्हाडी_ठेचा
हो. घरी सगळे डेबऱ्याच म्हणत. 'डावखुरा' मी पुण्यात शिकलो, क्रिकेटच्या समालोचनात.

देशीकार
'डावखुरा' हाच प्रमाण शब्द. त्यातला 'खुर' मात्र जनावराचा, तो मला कधीच आवडला नाही. 'सव्यसाची' आहे.

पोथीपान
सव्यसाची म्हणजे दोन्ही हातांनी बाण मारणारा. तो डावखुरा नव्हे. आणि कोरा_कागद ताई, 'चाप' तुम्ही बरोबर वापरलात. वर्तमानपत्रं 'घोडा दाबला' लिहितात ते चूक. घोडा आपटतो, चाप ओढतात. चाप म्हणजे संस्कृतात धनुष्य, ओढायचा तो.

फोंड्याहून
धनुष्याशी संबंध जोडू नका. 'चापणे' म्हणजे दाबणे. चापूनचोपून नेसलेली साडी, त्यातला चाप. बंदुकीचाही दाबायचा म्हणून चाप.

माजी_जवान
दाबायचा की ओढायचा, यावर उस्तादांचं एकच वाक्य असायचं: "लिंबू पिळल्यासारखा."

देशीकार
पिळणं म्हणजे दाबणंच. तरी धनुष्य मी सोडणार नाही.

ठासणीवाला
आत्ता माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पेटी काढली. परवान्याचा कागद घडीवर फाटलाय, पण अक्षर स्वच्छ आहे. त्यावर शाईने लिहिलंय, 'चांपाची बंदूक, नग १'. 'चां'वर अनुस्वार आहे. घरात ती ठासणीचीच म्हणायचे सगळे, आजोबासुद्धा.

फोंड्याहून
अनुस्वार! 'चांपणे' असं जुनं रूप आहेच. कागदाचा फोटो टाकता येईल का? नाव-गाव झाकून टाका, फक्त ती ओळ दिसू दे.