प्रतिसाद: १७९२ची न्यूयॉर्कची निवडणूक

वरच्या लेखात म्हटलंय की अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मतदारच मोजके, त्यामुळे गव्हर्नरच्या (राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाच्या) निवडणुकीत फारसा घोळ होत नसे. मला हे अजिबात पटत नाही. १७९२मध्ये न्यूयॉर्कमध्ये तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन विरुद्ध सरन्यायाधीश जॉन जे अशी लढत झाली. मतदार मोजके होते हे खरं. गव्हर्नरसाठी मत द्यायला १०० पौंडांची जमीन-मालमत्ता लागायची. पण म्हणूनच एकेका काउंटीला (जिल्ह्यासारख्या भागाला) वजन होतं.

कायद्याप्रमाणे मतपेट्या शेरीफने (काउंटीच्या अधिकाऱ्याने) वर पोचवायच्या. ऑट्सेगो काउंटीची पेटी ज्या शेरीफने पाठवली, त्याची मुदत संपलेली होती आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या शेरीफने अजून शपथ घेतली नव्हती. टायोगा आणि क्लिंटन (हे काउंटीचंही नाव) या काउंट्यांच्या पेट्यांनाही असेच आक्षेप आले. मतमोजणी समितीत क्लिंटन यांच्या बाजूचे बहुमत. न्यूयॉर्कच्या दोन सिनेटरांना कायदेशीर मत विचारलं तर रुफस किंग म्हणाले मोजा, एरन बर म्हणाले मोजू नका. समितीने तिन्ही काउंट्या बाद केल्या आणि क्लिंटन १०८ मतांनी निवडून आले! ऑट्सेगो मोजली असती तर जे जिंकले असते, असंच तेव्हा बहुतेकांचं मत होतं.

पेटी कोणी आणली यावरून मतदाराचं मत रद्द करणं हा उघड अन्याय होता. लोक खवळले, पण जे यांनी समर्थकांना शांत राहायला सांगितलं. याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. १७९५मध्ये, इंग्लंडशी तहाची बोलणी करायला गेलेले असतानाच, ते गव्हर्नर म्हणून निवडून आले.