आई-बाबा, डाउनटाऊन फिली आणि दुपारचं जेवण

प्रेषक: एक्स्टनची नवीन मेंबर
प्रति: मराठी मंडळाची ईमेल लिस्ट

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सांगलीहून येऊन तीन आठवडे झाले. येत्या रविवारी त्यांना फिलीत, म्हणजे फिलाडेल्फियात, लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा आणि इंडिपेन्डन्स हॉल दाखवायचा बेत आहे. प्रश्न जेवणाचा आहे. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबांना सगळं चालतं, आणि आईचं लक्ष नसेल तर एखादी बिअरही चालते.

मागच्या खेपेला नवऱ्याने रेटिंग बघून एका झकपक ठिकाणी नेलं होतं. पाऊण तास ताटकळलो आणि आईपुढे आलं काय, तर उकडलेल्या फरसबीवर लिंबू पिळलेली बशी. घरी आल्यावर तिने गुपचूप पिठलं टाकलं. तेव्हा रेटिंग नको, स्वतः खाल्लेलं सांगा. आणि भारतीय हॉटेलांसाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला जा असंही सांगू नका, तिथे दोनदा जाऊन झालंय.

*

प्रेषक: चेरी हिलचे काका

बाळ, आधी रविवार रद्द कर. शनिवारी जा.

कारण सांगतो. तुला जायचंय ते ट्वेल्फ्थ आणि आर्चच्या कोपऱ्यावरच्या रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये. ते रविवारीही उघडं असतं, पण लँकेस्टरकडून येणारे आमिश लोक (जुन्या साध्या राहणीचा ख्रिश्चन पंथ) त्या दिवशी गाळे उघडत नाहीत. देवाचा वार. आणि तिथली निम्मी मजा त्यांच्याच गाळ्यांवर आहे.

हा बाजार १८९३ चा. वर रेल्वे स्टेशन, खाली बाजार. मी १९८३ मध्ये इथे आलो तेव्हा भाजी घेताना डोक्यावर गाड्या धडधडायच्या. पुढच्याच वर्षी बोगदा झाला, गाड्या जमिनीखालून जायला लागल्या आणि वरचं स्टेशन ओस पडलं. नंतर ती शेड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये सामावून घेतली. जुन्या मेंबरांना आठवत असेल, २००९ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (बीएमएम) अधिवेशन तिथेच झालं. आम्ही चौघांनी एका परिसंवादाला दांडी मारून थेट बॅसेट्सचा आइस्क्रीमचा काउंटर गाठला होता. (परिसंवादाचे वक्ते या लिस्टवर आहेत. माफी असावी.)

बॅसेट्स ही १८६१ ची कंपनी, बाजार उघडला तेव्हापासून तिथेच ठाण मांडून आहे. आणि तुझ्या आईच्या कामाची गोष्ट म्हणजे, आइस्क्रीमची जी ‘फिलाडेल्फिया पद्धत’ म्हणतात ती अंड्याविनाच असते. नुसती साय, दूध आणि साखर. तरी काउंटरवर स्वादागणिक विचारून घे, हल्ली कशात काय घालतील सांगता येत नाही.

बाबांना चीजस्टेकच्या (इथलं प्रसिद्ध बीफ-चीज सँडविच) रांगेत उभं करू नकोस. डिनिक्सच्या गाळ्यावरचं रोस्ट पोर्क सँडविच दे. त्यात तिखट वासाचं मुरलेलं प्रोव्होलोन चीज आणि ब्रॉकली राब नावाची कडसर पालेभाजी घालायला सांग. आपली कारल्यावर वाढलेली जीभ, लगेच ओळख पटते.

अकरापर्यंत आत शीर. साडेबारानंतर दादरची भाजी गल्ली होते.

*

प्रेषक: मालव्हर्नची वहिनी

काका, ते सगळं खरं, पण त्या काकूंना हातात ट्रे धरून गर्दीत खुर्ची शोधत फिरवणार का? माझ्या सासूबाईंना एकदा नेलं तेव्हा वीस मिनिटं खांबाला टेकून उभ्या होत्या.

उपाय असा. डच ईटिंग प्लेस म्हणून आमिश लोकांचं खाण्याचं दुकान आहे, तिथे काउंटरपुढे स्टुलावर बसून खाता येतं. रांग असते, पण नंबर लागला की जागा आपली. ॲपल डंपलिंग घ्या. पारीत गुंडाळून भाजलेलं सफरचंद, वरून साय. थेट मोदकाचं भावंड म्हणणार नाही, पण चुलत-चुलत नक्की. पारीत काय चरबी आहे ते काकूंसाठी विचारून घ्या. मिलर्स ट्विस्टचा गरम प्रेट्झेल (पीळ घातलेला भाजका पाव) मात्र बिनधास्त खायला घाला, लोण्यात न्हालेला असतो.

आणि गाडी नेऊच नका. पार्किंगला जेवणापेक्षा जास्त पैसे पडतात. एक्स्टनहून पाओली-थॉर्नडेल लाइनची ट्रेन पकडा, जेफरसन स्टेशनला उतरा. वर आलं की बाजार समोर. लिबर्टी बेल तिथून सरळ सहा ब्लॉक.

*

प्रेषक: युनिव्हर्सिटी सिटीचा (अजून विद्यार्थीच)

ताई, बाजारात गर्दी वाटली तर दोन ब्लॉक पुढे चायनाटाउन आहे. टेन्थ आणि आर्चवर ती रंगीत कमान दिसली की पोचलात. नाइन्थ स्ट्रीटवर न्यू हार्मनी हे शुद्ध शाकाहारी चिनी हॉटेल आहे. फक्त आईंना आधी सांगून ठेवा, तिथे ‘चिकन’, ‘बदक’ असं लिहिलेलं असतं आणि दिसतंही तसंच. सगळं सोया वगैरेचं. माझ्या आईने पहिला घास घ्यायला दहा मिनिटं लावली आणि मग माझीही प्लेट संपवली.

माझं स्वतःचं डाउनटाऊन म्हणजे साउथ स्ट्रीटवरचा बॉब अँड बार्बराज हा बार. ‘सिटीवाइड स्पेशल’ म्हणजे पॅब्स्ट बिअरचा एक कॅन आणि बर्बन व्हिस्कीचा एक शॉट. स्टायपेंडला झेपतं. पण ते आई-बाबांसोबत नको.

*

प्रेषक: ब्लू बेलचे निवृत्त काका

तुमच्या वडिलांच्या बिअरकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलेलं दिसतंय. त्यांना ड्र्युरी स्ट्रीटवरच्या मॅकगिलिन्स पबमध्ये न्या. १८६० पासून चालू आहे, ज्या वर्षी लिंकन निवडून आला. भिंतींवर शहरातल्या बंद पडलेल्या मोठमोठ्या दुकानांच्या पाट्या टांगल्यात. एक ग्लास हातात घेऊन सगळ्या पाट्या वाचाव्यात. मी ज्या दुकानातून पहिला कोट घेतला त्याचीही पाटी तिथे आहे.

आता एक खुलासा, कारण नवीन मंडळी दरवर्षी विचारतात: इथल्या एवढ्या छान छोट्या हॉटेलांत दारू का मिळत नाही? १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर पिंचो यांना ती उठलेली मनापासून आवडली नव्हती. त्यांनी वाइन आणि कडक दारूची विक्री सरकारच्या हाती दिली. म्हणून आजही व्हिस्की बहुतेक सरकारी दुकानातूनच घ्यावी लागते. वाइन २०१६ पासून काही किराणा दुकानांत मिळते, तेवढी ढील. हॉटेलांचे परवाने काउंटीच्या लोकसंख्येवर ठरतात, त्यामुळे ते मोजके आणि महाग. छोट्या हॉटेलवाल्याला परवडत नाही. तो म्हणतो, बाटली तुम्हीच आणा, ग्लास आम्ही देतो. आपल्याच पैशाची वाइन दुप्पट भावाने प्यावी लागत नाही, हा माझ्या मते या शहराचा सर्वात मोठा गुण.

आणि त्या बाटलीवर आपण अजून याच राज्यातल्या जॉन्सटाउनच्या पुराचा कर भरतोय. १९३६ च्या पुरानंतर तात्पुरता म्हणून १० टक्के कर बसवला. १९६८ मध्ये तो १८ टक्के झाला. पूर ओसरला, कर नाही.

चेरी हिलकर स्वस्त पडते म्हणून न्यू जर्सीतून बाटली घेऊन पूल ओलांडून इकडे पेनसिल्व्हेनियात येतात, ते कायद्याने गुन्हा आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

*

प्रेषक: चेरी हिलचे काका

ब्लू बेलकर, गेल्या दिवाळीत माझ्या पिशवीतल्या दुसऱ्या बाटलीचा मुद्देमाल कोणी संपवला, हेही नम्रपणे नमूद करू का?

*

प्रेषक: एक्स्टनची नवीन मेंबर

सगळ्यांचे आभार. शनिवारीच गेलो, ट्रेननेच गेलो.

अकराला बाजारात शिरलो तरी धक्के खाल्लेच. पण वहिनी, स्टूल मिळाले. डंपलिंगचं पीठ कसं भिजवता ते आईने त्या टोपीवाल्या मुलीला मराठी-इंग्रजी-हातवारे करून विचारलं, आणि तिने सांगितलंही. आता आमच्या फ्रिजमध्ये पिठाचा गोळा आहे. बाबांनी पोर्क सँडविच कागदासकट संपवल्यासारखं संपवलं आणि कडू भाजीसाठी परत जायचं म्हणाले. चायनाटाउनपर्यंत पोटात जागाच उरली नाही, कमानीखाली फोटो तेवढा काढला.

बिअर मात्र हुकली. एका पबच्या दारात बाबांकडे वयाचा पुरावा मागितला. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पासपोर्ट घरी. मला राग आला, पण बाबा इतके खूश झाले की रात्री सांगलीला तीन फोन लावून सांगितलं: “एकवीस पूर्ण आहेत का, म्हणून अडवलं मला.”

आई म्हणते पुढच्या शनिवारी एकटी जाते, स्टेशन कळलंय तिला.

*

प्रेषक: मालव्हर्नची वहिनी

एकटी कशाला? पहिल्या डब्यात बसायला सांग, मी मालव्हर्नला चढते. आणि बाबांच्या खिशात पासपोर्ट घाल.